पाठातली उगवत

बी.एड.ला गेल्यावर मला पहिल्याच महिन्यात कळलं, की मुलांची उत्तरं आपणच आधी लिहून ठेवायची असतात. पाठ टाचणाच्या कागदावर उभे रकाने आखलेले असतात. एका रकान्यात शिक्षकाची कृती, शेजारच्या रकान्यात विद्यार्थ्यांची. शिक्षकाच्या रकान्यात मी लिहायचं, 'सूर्य कोणत्या दिशेला उगवतो?' आणि त्याच ओळीत शेजारी, ज्यांची तोंडं मी अजून पाहिलेली नाहीत त्या मुलांनी काय करायचं, तेही मीच लिहायचं. 'विद्यार्थी उत्तर देतील.' देतील म्हणजे देतीलच. मला तेव्हा याचं फार हसू यायचं. आता येत नाही.

मी झरीची. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. वडिलांनी मला शिकवलं ते कुणाशी तरी पैज लावल्यासारखं, आणि परीक्षकांपुढच्या वार्षिक पाठात मी पहिल्या खेपेला नापास झाले तेव्हा ते पैज हरल्यासारखे दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, आता एक खेप, शेवटची. पाथरीला जीप चालवणारा एक मुलगा त्यांनी बघून ठेवला होता. मुलगा वाईट नव्हता, फोटोत तरी नीट उभा होता. पण मला फळ्यापुढं उभं राहायचं होतं, आणि त्यासाठी माझ्या हातात एकच पाठ उरला होता.

नापास का झाले, तेही सांगते. मी प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प बसला. चाळीस तोंडं मिटलेली. मी परत विचारला, परत गप्प. मागे बसलेल्या परीक्षकांच्या पेनाचा आवाज मला फळ्यापर्यंत ऐकू आला. त्या शांततेची धास्ती मला इतकी बसली की पुढं कित्येक दिवस घरात कुणी हाकेला लगेच ओ दिली नाही तरी मी उठून बघायला जायचे.

म्हणून आमच्या आधीच्या तुकडीतल्या एकीनं तिची टाचणवही माझ्या हातात ठेवली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी घेतली. ती म्हणाली, हिच्यावर आजपर्यंत कोण नापास झालं न्हाई. ती वही तिनं तिच्या आधीच्या मुलीची उतरून काढली होती, त्या मुलीनं तिच्या आधीच्या मुलीची. टाचण स्वतःच्या अक्षरात असलं की मार्गदर्शक सरांची सही मिळते, आतला मजकूर कुणाचा हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं सगळे असंच करतात. मीही रात्रंदिवस बसून उतरून काढली. आठवीचा भूगोल, स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ. पहिलाच प्रश्न सूर्याचा, आणि शेजारच्या रकान्यात: 'सर्व विद्यार्थी डावीकडील खिडकीकडे हात करून पूर्व दिशा दाखवतील.'

कुठली खिडकी, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

वहीबरोबर शाळाही त्याच मुलीची मिळाली. येलदरीच्या बाजूला, जिंतूरपासून जीपनं पाऊण तास. धरणाचं पाणी शाळेतून दिसत नाही, पण वारा त्या अंगानं सुटला की मासळीचा वास वर्गात येतो. मैदान मोठं, इमारत नवी म्हणजे पंधरा-सोळा वर्षांची, आणि मुलं अशी शिस्तीची की मला पहिल्याच दिवशी संशय यायला हवा होता. मी वर्गात गेले. चाळीस मुलं एकदम उभी राहिली, एकदम बसली. शेवटच्या रांगेत उजवीकडच्या खिडकीजवळ एक बाक रिकामा होता, बाकीच्या बाकांवर मात्र तिघंतिघं दाटीनं बसलेली.

पहिला सराव पाठ होता, दुपारचे तीन वाजले होते. मी फळ्याशी वळले, विषय लिहिला, वर्गाकडं तोंड केलं आणि विचारलं, सूर्य कोणत्या दिशेला उगवतो, हात करून दाखवा.

प्रश्न पुरा व्हायच्या आत चाळीस हात उठले. सगळे डावीकडच्या खिडकीकडं. एकाचाही हात खाली नाही, एकाचाही इकडं तिकडं नाही, बोटं जुळवलेली. आणि त्या खिडकीतून ऊन आत आलेलं होतं, दुपारचं उतरतं पिवळं ऊन, पहिल्या दोन रांगांच्या मांडीपर्यंत. दुपारी तीनला ऊन ज्या खिडकीतून आत येतं ती मावळती असते, हे कळायला भूगोल लागत नाही. मी मेंढरांमागं वाढलेली पोर. मला दिशा शिकवाव्या लागल्या नव्हत्या.

तरी मी 'बरोबर' म्हणाले. टाचणात पुढचा शब्द तोच होता. आणि खरं सांगायचं तर उत्तर आलं याचाच मला इतका आनंद झाला होता, की ते कुठून आलं ते मी बघितलं नाही.

पुढचा सगळा पाठ तसाच गेला. मी प्रश्न अर्धा विचारला की उत्तर यायचं, आणि शब्दाला शब्द माझ्या वहीतलं. एका ठिकाणी वहीत लिहिलं होतं, 'एक विद्यार्थी शंका विचारेल.' मी तिथं आले आणि तिसऱ्या रांगेतला एक जण उठून तीच शंका विचारून खाली बसला. मागच्या भिंतीशी मार्गदर्शक सर खुर्चीत बसून निरीक्षण लिहीत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

तास सुटल्यावर मी पुढच्या बाकावरच्या मुलीला बाजूला घेतलं. तिला विचारलं, तुझं घर कुठल्या तोंडाचं? ती म्हणाली, उगवतीच्या. मग उगवत कुठली, दाखव. तिनं मैदानातून बरोबर उजव्या अंगाला, पिंपळाकडं हात केला. मी म्हणाले, मग वर्गात तिकडं का केलास?

"ती घरची उगवत हाय मॅडम," ती म्हणाली. "ही पाठाची."

तिच्या मोठ्या बहिणीनं तिला सांगितलं होतं, बहिणीला तिच्या वेळच्या मुलींनी. दरवर्षी बी.एड.वाल्या येतात, दरवर्षी हाच पाठ घेतात, आणि या पाठात उगवत इकडं असती. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. गणितात एक असतं आणि बाजारात एक असतं, तसं.

संध्याकाळी सरांनी निरीक्षणाचा कागद दिला. प्रतिसाद उत्तम, फलकलेखन बरं, आवाज वाढवावा. आणि सगळ्यात खाली: 'शेवटच्या बाकावरील विद्यार्थिनीचे उत्तर चुकीचे. तिला समज द्यावी.'

मी तो कागद जीपमध्ये चारदा वाचला. शेवटच्या बाकावर कुणी नव्हतं.

जिंतूरला भाड्याच्या खोलीवर आल्यावर मला आठवलं, की ज्या मुलीनं वही दिली तिच्या वहीला मागं तिचे निरीक्षणाचे कागदही टाचलेले होते. काढून बघितले. दोन वर्षांपूर्वीचा कागद, तेच सर, तीच निळी शाई, तीच शेवटची ओळ. मग मला बरं वाटलं. मी म्हणाले, म्हातारा न बघताच दरवर्षी तेच खरडतोय, झालं. मोठ्यानं म्हणाले, खोलीत एकटी असताना. तरी त्या रात्री दिवा चालू ठेवून झोपले, आणि घरमालकिणीला डासांचं कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना त्या बाकाचं विचारलं. कुणी तिथं का बसत नाही? एक जण म्हणाला, तिथं बसलं की उलटं व्हायलंय मॅडम, पाठात हात चुकतो. बाकी सांगण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतं. बाक मात्र स्वच्छ पुसलेला होता. आळीपाळीनं पुसतात म्हणाले.

मी अंधश्रद्धेवर दोन वाक्यं सुनावली, आणि मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर गुपचूप जाऊन त्या बाकावर बसले.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या पाठापासून त्या खोलीत माझ्या दिशा फिरल्या होत्या. बाहेर सगळं ठीक असायचं, पण उंबरा ओलांडून आत गेलं की डोक्यात काहीतरी गर्रकन फिरायचं आणि डावी खिडकी पूर्व वाटायला लागायची. एस.टी.त झोप लागून उठल्यावर गाडी उलटी चालल्यासारखी वाटते तसं, फक्त ते दोन मिनिटांत सरतं आणि हे सरत नव्हतं. त्या बाकावर बसल्याबरोबर ते थांबलं. उजवीकडच्या खिडकीतून पिंपळ दिसत होता, त्याच्या खाली खिचडीची पत्र्याची शेड, आणि पूर्व आपल्या जागेवर होती. मला रडू यायचंच बाकी होतं.

शेडमध्ये खिचडी शिजवणाऱ्या बाई पातेलं घासत होत्या. मुलं त्यांना मावशी म्हणायची, पण वयानं माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी खिडकीतून मला बघितलं, हात धुतले, पदराला पुसले आणि गजाशी येऊन उभ्या राहिल्या.

"तिथं मी बसायचे," त्या म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. पूर्वी शाळा मैदानाच्या पलीकडं होती, जुनी, आता पाडलीय. तिथले वर्ग उलट्या तोंडाचे होते, डावी खिडकी खरोखर पूर्वेची. त्या आठवीत गेल्या त्या साली ही नवी इमारत झाली. त्याच साली एक बी.एड.च्या बाई आल्या, जुन्या वहीवरून पाठ बसवला. आदल्या दिवशी सगळ्या वर्गाकडून तालीम करून घेतली, डाव्या खिडकीकडं हात करायचा. मुलं कुजबुजली, पण बाई घाबरलेल्या होत्या, परीक्षक येणार होते, कोण बोलतंय. पाठाच्या दिवशी सगळ्यांनी डावीकडं हात केला. ह्यांनी एकटीनं उजवीकडं केला. बाईंनी परीक्षकांसमोर त्यांना उभं केलं, 'चूक' म्हणाल्या, सगळा वर्ग हसला. तास संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या.

"त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरं हासतेतच. पण त्या दिवसापासून मला कळंचना. सकाळी अंगणात उभी ऱ्हायले की वाटायचं, सूर्यच चुकीच्या अंगानं आला. लय दिवस तसं व्हायचं. मग मी शाळेतच गेले न्हाई. घरचे म्हणले, हिला डोकं न्हाई, करून टाका लग्न."

पंधराव्या वर्षी लग्न, पुढं नवरा वारला, मुलीला घेऊन माहेरी आल्या आणि शाळेत खिचडीचं काम मिळालं. तेव्हापासून दरवर्षी या खिडकीतून त्यांना तोच पाठ ऐकू येतो. त्यांना तो तोंडपाठ होता, शंकेसकट.

मी म्हणाले, ताई, तुमचं बरोबर होतं. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं.

"माझी पोरगी सातवीत हाय," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली ह्याच वर्गात येती. ती माझ्यावानी हाय, गप बसत न्हाई. तुमी तेवढं एकदा पाठात म्हणा, उजवी खिडकी बरोबर म्हणून, सगळ्या पोरायसमोर. एकदा कोणतरी म्हणलं की मोडंल ते. तुमच्याकडं दुसरं काय मागत न्हाई."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले, वर त्यांचा हातही धरला. तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेले. सर वाईट माणूस नव्हते. त्यांचं सगळं लक्ष निवृत्तीकडं लागलेलं होतं आणि मधे कुणी खडे टाकू नयेत एवढीच त्यांची इच्छा होती. मी म्हणाले, सर, प्रस्तावनेतली दिशा चुकलीय. त्यांनी खिडकीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं. म्हणाले, टाचणावर सही झालीय, आता शब्द बदलायचा नाही. परीक्षक दिशा बघायला येत नाहीत, प्रतिसाद बघायला येतात. प्रस्तावना मोडली की पाठ मोडला, आणि तुमचं मागच्या वर्षी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

मग मी त्यांना शेवटच्या बाकाचं विचारलं. दरवर्षी तुम्ही तीच ओळ का लिहिता सर, तिथं तर कुणी बसत नाही.

ते थोडे रागावले. "मी बघितल्याशिवाय लिहीत नसतो," ते म्हणाले. "दोन वेण्या, तांबड्या रिबिनी. उलटीकडं हात करून बसली होती."

ते थट्टा करणाऱ्यातले नव्हते. चष्मा पुसून त्यांनी पुढच्या मुलीचं टाचण उघडलं.

मी हट्टी आहे. मला वाटलं, मुलांनाच शिकवून टाकू, म्हणजे प्रश्नही तोच राहील, प्रतिसादही येईल आणि हात बरोबर जातील. शनिवारी सकाळची शाळा असते. मी साडेसातला सगळा वर्ग मैदानात उभा केला. सूर्य पिंपळाच्या मागून वर येत होता. उगवत दाखवा म्हणाले, चाळीस हात पिंपळाकडं गेले. मग मी त्यांना सांगितलं, हात खाली घ्यायचा नाही, हाताची दिशा सोडायची नाही, तसंच रांगेनं वर्गात चला आणि आपापल्या जागेवर बसा. मुलांना खेळ वाटला. हसत, हात पसरून, एकमेकांना धक्के देत निघाली.

मी दाराशी उभी राहून बघत होते. पहिली मुलगी उंबऱ्यापर्यंत आली, हात पिंपळाकडं. तिनं आत पाय टाकला आणि तिचा हात छातीवरून फिरून डावीकडं गेला. तिला ते कळलंही नाही, ती मागच्या मुलीशी बोलत होती. दुसरीचा फिरला. तिसऱ्याचा. एकेक जण उंबरा ओलांडत होता आणि एकेक हात फिरत होता, घाई नाही, धडपड नाही. हळूहळू हसण्याचा आवाज बंद झाला. सगळे आत बसले तेव्हा चाळीस हात डाव्या खिडकीकडं होते आणि उजव्या खिडकीतून कोवळं ऊन सगळ्यांच्या पाठीवर पडलं होतं.

मी हात खाली घ्या म्हणाले. त्यानंतर परीक्षेपर्यंत मी तो विषय काढला नाही, आणि मधल्या सुट्टीत शेडकडं जायचंही टाळलं.

वार्षिक पाठाच्या दिवशी परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातून आले होते, या शाळेत पहिल्यांदाच. जाड अंगाचे, बोलायला गोड. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. तीन वाजले होते. मी पिवळी साडी नेसले होते आणि खडू हातात घामानं ओला झाला होता. उजव्या खिडकीच्या गजांमागं ताई येऊन उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हात गजांवर. मी त्यांना बघितलं आणि त्यांनी मला.

मी ठरवून आले होते. मुलं डावीकडं हात करतील, मग मी म्हणायचं, थांबा, नीट विचार करा, ऊन कुठून येतंय बघा. तीन वाक्यं. मी ती पाठ केली होती.

प्रश्न विचारला. चाळीस हात उठले, डावीकडं. मी तोंड उघडलं आणि मला तीच जुनी शांतता ऐकू आली, मागच्या वर्षीची, पेनाच्या आवाजासकट. हे आता गोंधळले तर? एकही बोललं नाही तर? परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. पाथरीचा तो फोटो, वडिलांचे ते दोन दिवस, सगळं एका श्वासात येऊन गेलं.

"बरोबर," मी म्हणाले. "शाब्बास."

खिडकीकडं बघायचं नाही असं मी ठरवलं आणि तरी बघितलं. गजांवर हात नव्हते. ताई शेडकडं चालत चालल्या होत्या, सावकाश, रोज चालतात तशा.

पाठ उत्तम झाला. शंका विचारणाऱ्यानं शंका विचारली, मी समाधान केलं. परीक्षकांनी जाताना माझं कौतुक केलं, म्हणाले असा प्रतिसाद क्वचित बघायला मिळतो. दारापर्यंत गेले आणि काहीतरी आठवून वळले.

"शेवटच्या बाकावरची ती एक मुलगी उलटीकडं हात करून बसली होती," ते म्हणाले. "तेवढी जरा समजावून सांगा तिला."

मी मागं वळून बघितलं नाही. मुलं तेव्हा दप्तरं भरत होती आणि मला माहीत होतं की त्या बाकावर कुणी दप्तर भरत नाहीये. त्याचा उलगडा मला आजही झालेला नाही आणि मी तो करायलाही गेले नाही.

मी पास झाले. निकाल घेऊन झरीला गेले. वडिलांनी गावात पेढे वाटले, पैज जिंकल्यासारखे. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मेंढरांमागं गेले. दुपारी आभाळ भरून आलं, सूर्य दिसेना. वडील लांबून म्हणाले, पोरी, उगवतीच्या अंगाला वळव त्यांना. मी काठी आडवी धरली आणि कळप वळवला. वडील जागेवर थांबले. आधी हसले, म्हणाले, लय शिकलीस की. मग मी थट्टा केली नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी येऊन मेंढरं परत फिरवली. मला अजूनही, खरं सांगते, सूर्यावर भरवसा वाटत नाही. सकाळी दारात उभं राहिलं की क्षणभर वाटतं, हा चुकीच्या अंगानं आला.

त्यानंतर एकदा मी त्या शाळेत गेले. ताईंसाठी साडी घेऊन गेले होते. त्यांनी साडी घेतली, चहा दिला. मी माफी मागितली, म्हणाले, ताई, तुमचंच बरोबर होतं, मला तेव्हाही माहीत होतं.

"मला बी म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "मला पोरायसमोर पायजे होतं."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळं मला जास्त लागलं. त्या उठून तांदूळ निवडायला बसल्या. मी चहा तसाच ठेवून निघाले.

आता मी पाथरीजवळच्या एका शाळेत शिकवते. जीपवाल्याचं दुसरीकडं लग्न झालं, त्याच्याच जीपनं कधीमधी शाळेत जाते. या वर्षी पुढच्या तुकडीतली एक मुलगी माझी टाचणवही मागायला आली. तिला तीच शाळा मिळाली होती. मी वही देण्याआधी 'डावीकडील' वर काट मारली आणि वर 'उजवीकडील' लिहिलं. सरांची सही खाली तशीच होती.

तिचा फोन आला तो आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत. आवाज बारीक केलेला. पाठ सकाळी होता, सर बाहेर चहाला गेलेत म्हणाली.

"ताई, पोरं ऐकंनात. सगळे डावीकडंच हात करायलेत. एकच पोरगी उजवीकडं करायली, शेवटच्या बाकावरची. पोरं हासायलीत तिला. दुसरा तास बी मलाच दिलाय. तिला काय म्हणू?"

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला. विचारलं, दोन वेण्या आहेत का, तांबड्या रिबिनी? तिनं हो म्हटलं, मग थांबून म्हणाली, खिचडीवाल्या मावशीची पोरगी हाय ती, का हो?

मी तिला म्हणाले, "आत्ता आत जा. तिला पुढं बोलव, सगळ्यांसमोर उभं कर, आणि सांग की हिचं बरोबर आहे आणि बाकी सगळ्यांचं चूक. मग थांब. वर्ग गप्प बसला तर बसू दे. सर काही म्हणाले तर माझं नाव सांग."

ती घाबरली होती. तिचा वार्षिक पाठ पुढच्याच महिन्यात होता आणि सर तेच. मी तिला दुसरं काही सांगू शकले नाही, आणि स्वतः तिथं नव्हते याची मला लाज वाटत होती. उरलेले तास मी कसे घेतले ते मला आठवत नाही. फळ्यावर एकच ओळ दोनदा लिहिली म्हणून मुलं हसली.

संध्याकाळी तिचा परत फोन आला. म्हणाली, "तुम्ही सांगितलं तसं केलं ताई. तोच प्रश्न परत विचारला, सगळ्यांचे हात वर असतानाच पोरगीला पुढं बोलावलं. ती यायला निघाली तेवढ्यात दारातून मावशी आत आल्या, हातात पळी तशीच, आणि येऊन पोरगीच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी त्यांना बोलावलं नव्हतं. एकीला बोलावलं आणि दोघी आल्या. मग मी म्हणाले, हिचं बरोबर आहे. मावशी म्हणाल्या, परत म्हणा. मी परत म्हणाले."

मी विचारलं, आणि वर्ग?

"वर्ग लय वेळ गप्प बसला," ती म्हणाली. "मग पुढच्या बाकावरच्या एकीनं हात खाली घेतला. बाकीच्यांचं काय झालं ते मला नीट बघता आलं नाही, कारण तेवढ्यात जळल्याचा वास आला आणि मावशी शेडकडं पळाल्या. सगळी खिचडी करपली होती."